हत्यारं कुणाच्या नावाची

गजाननराव,

तुमच्यावर लिहायला घेतलंय असं मी तुमच्या मंडळींना सांगितलं, तर जानकीवहिनी म्हणाल्या, "ह्यांच्यावर काय लिहिणार तुम्ही? सकाळी पूजा, दुपारी झोप, संध्याकाळी दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा. एका पोस्टकार्डात होईल." तुम्ही शेजारीच बसला होतात आणि मान डोलावत होतात. म्हणजे हरकत नाही असं मी धरलं. आता असलीच हरकत तर सांगू नका, मला वेळ नाही. सत्त्याहत्तरी उलटली आहे आणि घरातली दोन कपाटं अजून आवरायची राहिली आहेत.

एक सांगून ठेवते. मी तुम्हाला दिलेली चिठ्ठी, जी तुम्ही पंचांगात घालून ठेवली आहे, तिचाही विषय ह्यात निघणार आहे. पण तो शेवटी. आधी वाचणाऱ्याला तुम्ही कोण ते कळायला हवं. तेव्हा थोडा वेळ तुम्हाला 'तुम्ही' म्हणायचं सोडून देते. बाजूला बसा, सुपारी कातरा, मध्ये बोलू नका.

तर, गजानन उपासनी. वय अडुसष्ट, धंद्यानं पुरोहित. धोतर, उपरणं, कपाळाला गंध, बोटभर शेंडी आणि पायात स्पोर्ट्स शूज, कारण टाचा दुखतात. नवा माणूस त्यांना विचारतो, "मूळचे कुठले तुम्ही?" ते म्हणतात, "मानिक चौकातले." "तसं नाही हो, मूळचे?" "चौकाच्या मागच्या गल्लीतले." विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, त्याला वाई, सातारा असलं काहीतरी ऐकायचं असतं. अडीचशे वर्षांपूर्वी कुणी एक उपासनी पूजेअर्चेच्या कामासाठी झाशीला आला. तो कुठून आला हे घरात कुणाला नक्की माहीत नाही आणि गजाननरावांना त्याचं वाईटही वाटत नाही. "तो आला तो आला. मी तर इथंच होतो," असं त्यांचं उत्तर.

मी मात्र बाहेरून आलेली. नवऱ्याला इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून सांगलीहून आले, मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि इथंच राहिले. आम्हा कारखान्यातल्या मराठी लोकांना तेव्हा वाटायचं, अस्सल मराठी ते आम्ही. हे शहरातले म्हणजे हिंदीत भिजत घातलेले. गजाननराव एका दमात म्हणून जातात, "पळीपंचपात्र घंगाळाशेजारी आहे आणि अलमारीची चाबी छतावर राहून गेली." पहिल्यांदा मी हसले होते. मग लक्षात आलं की 'घंगाळ' म्हणजे आंघोळीच्या पाण्याचं भांडं, हे माझ्या पुण्याच्या सुनेला ठाऊक नाही आणि 'चाबी' झाशीत शेंबड्या पोरालाही कळते. हसणं बंद केलं.

त्यांची खरी ओळख मात्र वेगळी. हा माणूस नावाच्या बाबतीत भयंकर काटेकोर आहे. पूजेच्या सुरुवातीला संकल्प सांगतात, तो बहुतेकांनी ऐकलेला असतो: हातात पाणी घ्यायचं, आज तिथी कोणती, आपण कुठल्या जागी आहोत, पूजा करणारा कोण, त्याचं गोत्र काय, हे सगळं बोलायचं आणि पाणी सोडायचं. महाराष्ट्रात त्यात गोदावरीचा काठ येतो. गजाननराव 'वेत्रवत्याः पश्चिमे तीरे' म्हणतात. वेत्रवती म्हणजे आपली बेतवा. एकदा पुण्याच्या एका पाहुण्यानं त्यांना मध्येच टोकलं, "गुरुजी, गोदावरी म्हणा, गोदावरी." गजाननराव शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्या नळाला बेतवेचं पाणी येतं. देवाला खोटा पत्ता कशाला देऊ?"

आणि कारखान्यातल्या मंदारची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिलेली. मंदारच्या वडिलांचं श्राद्ध होतं. पणजोबांचं नाव घ्यायची वेळ आली, तेव्हा मंदार म्हणाला, "रामचंद्र. बहुतेक." गजाननरावांनी दर्भ खाली ठेवले.

"बहुतेक रामचंद्र असा कुणी नसतो. घरी फोन लावा."

"गुरुजी, चालेल हो. देवाला कळतं सगळं."

"देवाला कळतं, पण मला कळायला हवं ना भैया? नाव चुकलं की पोचत नाही. पोस्टातही नाही आणि वरही नाही."

पाऊण तास आम्ही सगळे बसून. खीर गार झाली. अखेर एका आत्याबाईंना आठवलं: रघुनाथ. मग पुढचं झालं.

इतका नावाला जपणारा माणूस. आता त्यांच्या दुकानाची गोष्ट ऐका.

उपासन्यांच्या घराच्या दर्शनी खोलीत तीस-पस्तीस वर्षं कमल उस्ताद होता. झाशीत कमल हे पुरुषाचं नाव असतं. महाराष्ट्रातल्या वाचकांनी डोळ्यांसमोर आलेली बाई पुसून टाकावी. हा उस्ताद जळालेल्या मोटारींची जुनी तार काढून नवी तार भरायचा. त्याला वाइंडिंग म्हणतात. कूलर, पिठाची गिरणी, पाण्याचा पंप, सगळं त्याच्याकडे यायचं. गजाननरावांची एकुलती एक मुलगी अनुया शाळेतून आली की दप्तर टाकून त्याच्यासमोर जाऊन बसायची. दहाव्या वर्षी वेढे मोजायला लागली. अकरावीला माझ्याकडे फिजिक्स शिकायला आली, तेव्हा मी फळ्यावर मोटार काढली, तर म्हणाली, "काकू, तुमची ही मोटार पहिल्या दिवशीच जळेल. तारेखाली कागद कुठंय?" तार लोखंडाला भिडू नये म्हणून घालतात तो कागद पुस्तकातल्या आकृतीत नव्हता. तीस वर्षं मी तीच आकृती काढत होते.

ती बी.एस्सी. झाली, आयटीआय केलं. तोवर उस्तादचे डोळे गेले. गरौठ्याला आपल्या गावी परत जाताना त्यानं सगळी हत्यारं तिच्यासमोर मांडली. "बिटिया, हमारे लड़के तो मोबाइल बेचते हैं. ये सब अब तेरा."

दुकान तिचं झालं आणि पाटी बदलायची वेळ आली. अनुयाला आपलं नाव हवं होतं. गजाननराव म्हणाले, "बाजारात मुलीचं नाव टांगलेलं बरं दिसत नाही." आणि पाटी लागली: 'गजानन मोटर वाइंडिंग'. ज्या माणसाला टेस्टर कुठल्या टोकाला धरायचा हे माहीत नाही, त्याच्या नावाची.

मग जी मजा सुरू झाली ती चार वर्षं चालली. गिऱ्हाईक यायचं. समोर काउंटरवर गंध लावलेले गजाननराव, मागे जमिनीवर मांडी घालून, ग्रीसनं कोपरापर्यंत माखलेली अनुया. गिऱ्हाईक साहजिकच गजाननरावांना सांगायचं, "गुरु, मोटर घूं-घूं करती है, उठती नहीं."

गजाननराव डोळे मिटून ऐकायचे. मागून अनुया ओरडायची, "कंडेन्सर!"

"कंडेन्सर," गजाननराव गंभीरपणे सांगायचे.

"कब तक हो जाएगी?"

गजाननराव पंचांग उघडायचे. "आज अष्टमी. एकादशीला या. म्हणजे, ग्यारस को आना."

गिऱ्हाईक गार. असा मिस्त्री त्यानं जन्मात पाहिलेला नसायचा. मोटार न्यायला आला की गजाननरावांच्या पाया पडायचा, "आपके हाथ में जस है, पंडितजी," आणि जाता जाता अनुयाकडे बघून म्हणायचा, "बिटिया भी हाथ बँटाती है? अच्छा है. शादी तक कुछ सीख जाएगी." अनुया पान्यानं नट इतक्या जोरानं आवळायची की मला त्या नटाची दया यायची.

हसू नका फार. मीही त्यातलीच. माझा मिक्सर मी दुरुस्तीला दिला होता. चार दिवसांनी गेले आणि काउंटरवर विचारलं, "गजाननराव, झाला का हो माझा मिक्सर?" मागून आवाज आला, "काकू, तुम्हीसुद्धा?" हिला मीच शिकवलेलं, हिच्या हुशारीचे गोडवे मीच गावभर गायलेले, आणि विचारलं कुणाला, तर धोतराला. लाज वाटली. वाटायलाच हवी होती.

दोन वर्षांपूर्वी, नवरात्राच्या आधी, गोष्ट टोकाला गेली. मी राहते त्या कॉलनीत बोअरचे तीन पंप आहेत. ते वर्षभर सांभाळायला कुणीतरी पक्का मिस्त्री हवा होता. कॉलनीचे सेक्रेटरी खरेजी. खरे हे आडनाव ऐकून मी पहिल्या भेटीत त्यांच्याशी पाच मिनिटं मराठीत बोलले होते, ते नम्रपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "भाभीजी, हम यहीं के कायस्थ हैं." असो. मी त्यांना अनुयाचं दुकान सुचवलं. ते गेले, काउंटरवर बसून चहा प्यायले आणि परत येऊन म्हणाले, "आदमी भरोसे का है. आजकल कौन मिस्त्री संध्या करता है? दशहरे के बाद गजाननजी के नाम चिट्ठी दे देंगे."

"खरेजी, मिस्त्री गजाननजी नाहीत. त्यांची मुलगी."

"हाँ हाँ, बिटिया को भी देखा. चाय वही लाई थी."

हे अनुयाच्या कानावर गेलं. तिनं काही आदळआपट केली नाही. तिनं वडिलांसमोर एक कागद ठेवला. फरीदाबादच्या एका पंपांच्या कारखान्यातून नोकरीचं पत्र आलं होतं. दसऱ्यापर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

"बाबा, कॉलनीची चिठ्ठी माझ्या नावानं आली तर मी इथं. तुमच्या नावानं आली तर मी फरीदाबादला, आणि ते तीन पंप तुम्ही बघा."

"अगं, घरचंच तर काम आहे. नाव कुणाचंही असो, काय बिघडतं?"

हे वाक्य कोण बोललं? ज्यानं एका पणजोबासाठी पाऊण तास खीर गार केली, तो. मी तिथंच होते. मी तेव्हा गप्प बसले, कारण जानकीवहिनी डोळे पुसत होत्या. एकुलती मुलगी, ती गेली तर घरात दोघंच. गजाननरावांनाही ती जायला नको होती. रात्रंदिवस त्यांना तीच चिंता होती. फक्त उपाय त्यांच्याच तोंडात होता आणि तो तोंडाबाहेर येत नव्हता.

नवमी उजाडली. सकाळी सात वाजता कॉलनीतला मोठा पंप बंद पडला. टाक्या रिकाम्या. आणि दिवस कोणता? ह्या भागात नवमीला घरोघर कन्यापूजन असतं. नऊ लहान मुली बोलवायच्या, त्यांचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, हलवा-पुरी वाढायची. पाय धुवायला थेंब नाही. कुणीतरी बिजलीवाला येऊन सांगून गेला, मोटर फुंकली, म्हणजे जळली, बाहेर काढावी लागेल, दोन दिवस. खरेजी माझ्या दारात. "भाभीजी, आपके गजाननजी को बुलाइए."

अनुयाचा फोन बंद. मी ई-रिक्षा केली आणि मानिक चौकात गेले.

दुकानात पाटावर सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली. पक्कड, पाने, हातोडी, टेस्टर, मोटारीची तार तपासायचा मेगर. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं, समोर नारळ. खंडेनवमी! मी विसरलेच होते. गावातले बाकी मिस्त्री हत्यारं पुजतात विश्वकर्मा पूजेला, महिनाभर आधी. हे झाशीतलं एकच दुकान, जे नवमीला पुजतं. आणि पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नसतं.

"गजाननराव, कॉलनीत पाणी नाही. अनुयाला पाठवा."

"आज कसं, ताई? आज हत्यारांची विश्रांती. उद्या सकाळी पहिलं काम तुमचं."

"शेजारून पक्कड मागून आणते."

"आणा. पण हात हिचाच ना? आज हातालाही सुट्टी."

मला संताप आला. पण बोलली अनुया, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून.

"बाबा, सकाळी संकल्प कुणाच्या नावानं सांगितलात?"

"दर वर्षी सांगतो त्याच. माझ्या."

"हत्यारं कुणाची?"

"घरची."

"घर नावाचं गोत्र असतं का?"

गजाननरावांनी उपरणं सारखं केलं. ती पुढे म्हणाली, "ही हातोडी तुम्ही शेवटची कधी उचललीत?"

आतून जानकीवहिनी म्हणाल्या, "मागच्या नवमीला. नारळ फोडायला. अंगठा ठेचून घेतला होता."

मग मी संधी साधली. "मंदारचे पणजोबा आठवतात? 'नाव चुकलं की पोचत नाही.' कुणाचे शब्द?"

आता पुढचं नीट वाचा, कारण हे फक्त गजानन उपासनीच करू शकतात. दुसरा एखादा बाप असता तर रागावला असता, किंवा विरघळून मुलीच्या डोक्यावर हात ठेवला असता. गजाननराव पाटासमोर बसले. चष्मा काढला. बोटांवर वर्षं मोजली. आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. बापाचा नव्हे, पुरोहिताचा.

"चार वर्षं," ते म्हणाले. "चार वर्षं ही पूजा पोचलीच नाही."

"काय?"

"ताई, पूजेला बसायचं ते हत्यार ज्याचं त्यानं. यजमान भलताच, तर पूजा कुणाची? मी चाळीस घरांत लोकांना बोटं दाखवत हिंडलो आणि माझ्याच घरात..." ते उठले. झेंडूची फुलं बाजूला केली. "पूजा लागलीच नाही, तर हत्यारं अडकलीत कुठं? उचल गं अनुया. सगळी घे. पण आधी नीट संकल्प, मगच हात लावायचा. मी येतो तिथं."

"तिथं? कॉलनीत?"

"जिथं काम, तिथं."

ई-रिक्षात आम्ही तिघं आणि मांडीवर हळदकुंकवानं माखलेली हत्यारांची थैली. इलाइट चौराह्यावर गर्दीत अडकलो, तेव्हा गजाननराव रिक्षावाल्याला म्हणाले, "भैया, ज़रा जल्दी. चार साल की देर हो चुकी है." त्याला काय कळणार? त्यानं हॉर्न वाजवला.

कॉलनीत पंपाच्या खोलीबाहेर निम्मी कॉलनी जमलेली. नऊ मुली नवे फ्रॉक घालून ओळीनं कठड्यावर बसलेल्या आणि कंटाळलेल्या. खरेजी हात जोडून पुढे आले, "आइए गजाननजी, अब आप ही का आसरा है."

गजाननरावांनी थैली खाली ठेवली, अनुयाला पूर्वेकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, "पाणी."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाणी असतं तर हे आलेच कशाला असते? मी वर घरी गेले आणि फ्रिजमधली बाटली आणली. अर्धी होती. गजाननरावांनी अनुयाच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. गार पाणी, तिनं बोटं आखडली.

आणि त्यांनी संकल्प सुरू केला. वर्ष, महिना, तिथी. वेत्रवत्याः पश्चिमे तीरे. गोत्र. उपासनी कुळ. आणि मग थांबले. मला वाटलं, विसरले. विसरले नव्हते. नंतर त्यांनीच मला सांगितलं, "ताई, बाईचं नाव आम्ही घेतो ते नवऱ्याच्या पाठीमागून. एकटीचं कधी तोंडातून निघालं नव्हतं. जीभ अडली." दोन-तीन क्षण गेले असतील. मग त्यांनी नाव घेतलं. अनुया. मोठ्यानं घेतलं, लग्नात मंगलाष्टकं म्हणतात तेवढ्या आवाजात. तिनं पाणी सोडलं. ते सिमेंटवर पडलं आणि त्या वाळलेल्या जागेत लगेच जिरलं.

"झालं. आता यांचं काम," असं म्हणून गजाननराव कठड्यावर मुलींच्या शेजारी जाऊन बसले.

खरेजी गोंधळले. "गजाननजी, आप नहीं खोलेंगे?"

"मैं? खरेजी, मुझसे तो घर का बल्ब नहीं बदलता. मिस्त्री वो हैं."

"अरे पर... आज कन्या का दिन है. आज कन्या से काम कराएँ? पाप लगेगा."

अनुया तोवर पॅनेलचे स्क्रू काढत होती. मान न वळवता म्हणाली, "अंकल, मैं उनतीस की हूँ. हलवा खाकर ही जाऊँगी, पर पहले इसे खोल लूँ."

मला राहवलं नाही. मी खरेजींना म्हटलं, मुलींचे पाय धुवायला पाणी हवं, आणि ते पाणी मुलीनं आणलेलं चालत नाही, हे जरा मला समजावून सांगा. खरेजी म्हणाले, "भाभीजी, आप तो क्लास लेने लगती हैं." पण हसले. माणूस वाईट नाही. डोक्यात एक चित्र बसलेलं असतं, ते कुणी येऊन हलवेपर्यंत तसंच राहतं. माझ्या डोक्यात धोतर बसलं होतं तसंच.

अनुयानं मेगर लावला. "मोटर एकदम ठीक है." मग स्टार्टर उघडला, टॉर्च तोंडात धरला, आत डोकं घातलं आणि चिमट्यानं काहीतरी काढलं. चपटी झालेली, करपलेली पाल. पंप चालू करताना पट्ट्या एकमेकींना चिकटतात, त्यांच्या मधोमध ती सापडली होती. तीनपैकी एका तारेला वीजच मिळत नव्हती.

"अंकल," ती म्हणाली, "आपकी छिपकली फुँकी है. मोटर नहीं."

नऊच्या नऊ मुली कठड्यावरून उड्या मारून पाल बघायला धावल्या. आयांनी "छी छी, कपड़े!" असा कल्ला केला. अनुयानं पट्ट्या घासून साफ केल्या, बटण दाबलं, आणि जमिनीखालून तो जाडजूड आवाज सुरू झाला. टाकीत पाणी पडल्याचा आवाज मी अनेकदा ऐकलाय, पण त्या दिवशी गजाननरावांनी तो ऐकला तसा कुणी ऐकला नसेल. डोळे मिटून. गिऱ्हाइकांचं ऐकायचे अगदी तसेच. फक्त ह्या वेळी त्यांना कळलं होतं.

कन्यापूजन दोन तास उशिरा झालं. अनुयानं कबूल केल्याप्रमाणे हलवा खाल्ला. दोन वाट्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. इथं दसऱ्याला आपट्याची पानं देत नाहीत, विड्याचं पान देतात. खरेजी पान घेऊन दुकानात आले आणि बरोबर कॉलनीची चिठ्ठी, छापलेली: 'श्री गजानन उपासनी, मिस्त्री.' आदल्या दिवशी सगळं डोळ्यांनी पाहूनसुद्धा! टाइप करणाऱ्याला आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं म्हणे. गजाननरावांनी चष्मा लावला, वाचलं आणि कागद परत केला.

"नाम गलत है."

"गजानन ही तो लिखा है, पंडितजी."

"वही गलत है. गलत नाम पर काम पहुँचता नहीं."

खरेजी स्कूटरवर परत गेले. संध्याकाळी रावण जळायच्या आत नवी चिठ्ठी आली. त्यात फक्त अनुयाचं नाव. अनुयानं ती दोनदा वाचली, घडी घातली, आणि फरीदाबादला 'नाही' कळवायला मागच्या खोलीत गेली. जानकीवहिनींनी त्या दिवशी श्रीखंडात साखर दुप्पट घातली. मुद्दाम नव्हे, लक्ष नव्हतं.

आता गजाननराव, पुन्हा तुमच्याकडे वळते. सुपारी खाली ठेवा.

त्याच दसऱ्याला मी एका कागदावर नव्या पाटीचा मजकूर लिहून तुम्हाला दिला होता. 'अनुया मोटर वाइंडिंग', खाली 'मिस्त्री: अनुया उपासनी', काळ्यावर पिवळी अक्षरं. इलाइट चौराह्याजवळचा रंगारी माझ्या ओळखीचा, त्याला सांगूनही ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, "उद्याच रंगवायला टाकतो, ताई." मग पंचक लागलं, पाच अशुभ दिवस. मग दिवाळी आली. मग रंगारी गावाला गेला असेल असं तुम्हीच ठरवलंत. मग म्हणालात, ऊन उतरू दे, रंग नीट वाळत नाही. ऊन लागलं की रंग लवकर वाळतो, गजाननराव. एवढं फिजिक्स तुम्हालाही येत असेल.

अनुया अधूनमधून मला विचारते, "काकू, पाटीचं काय झालं?" मी म्हणते, "तुझ्या बाबांना विचार." तुम्ही तिला म्हणता, "ताईंना विचार."

पण मी दुकानात बसून पाहिलंय, तुम्ही का जात नाही ते. गिऱ्हाईक येतं, वर पाटी वाचतं, खाली तुम्हाला बघतं आणि म्हणतं, "गजानन भैया आप ही हैं?" तुम्ही जरा सावरून बसता. "हूँ तो मैं ही. पर मुझे कुछ नहीं आता." तो गोंधळतो. मग तुम्ही वळून, सावकाश, मागे बोट दाखवता. "मिस्त्री वो हैं. मेरी बेटी. अनुया." दिवसातून दहा वेळा. रोज तेच वाक्य, आणि रोज त्या नावाशी पोचण्याआधी तुम्ही क्षणभर थांबता, संकल्पात थांबला होतात तसे, पण आता जीभ अडते म्हणून नव्हे. पाटी बदलली की हे विचारणार कोण?

परवा पाडव्याला नवं पंचांग आलं. तुम्ही जुनं बाजूला ठेवत होतात, तेव्हा मी समोरच होते. जुन्या पंचांगातून माझी चिठ्ठी काढलीत, घडी सरळ केलीत, नव्यात आश्विनाच्या पानात ठेवलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "उद्याच टाकतो, ताई."

मी स्वतः ई-रिक्षा करून रंगाऱ्याकडे दहा मिनिटांत जाऊन येऊ शकते. अजून गेलेली नाही.